धूर आधी, जाळ मागनं: घरासाठी स्मार्ट स्मोक अलार्म निवडताना

आपल्याकडं कायपण भारी झालं की 'जाळ आणि धूर संगटच' म्हणायची पद्धत आहे, पण घरात आग लागते तेव्हा बऱ्याच वेळा तसं होत नाही. वायर तापते, गादी आतल्या आत धुमसत राहते, बोर्ड वितळतो, धूर निघत राहतो आणि जाळ मागनं येतो. मधे जो वेळ मिळतोय तेवढ्यात घरातली माणसं बाहेर पडली पाहिजेत, स्मोक अलार्म फक्त त्या वेळेसाठी असतो. तो आग विझवत नाही, आग लागायची थांबवतपण नाही.

मी यात पडलो ते कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात झालेल्या प्रकारामुळं. पावसाळ्याचे दिवस, दुपारचे अडीच, आई-बाबा जेवून आतल्या खोलीत झोपलेले आणि बाहेर टीव्हीच्या मागं एक्स्टेंशन बोर्ड जळत होता. शेजारच्या काकूंना वायर जळल्याचा वास आला, त्यांनी दार बडवून दोघांना उठवलं म्हणून निभावलं, पडदा आणि भिंत तेवढी काळी झाली. आता खरी गोष्ट ऐका, घरात स्मोक अलार्म होता. मीच ऑनलाइन मागवून स्वयंपाकघरात लावला होता, तो रोज फोडणी दिली की बोंबलायचा, शेवटी आईनं त्यातली बॅटरी काढून तो ड्रॉवरमध्ये टाकला. चूक आईची नव्हती. चुकीच्या जातीचा अलार्म चुकीच्या जागी लावला तर कुठलीपण आई तेच करणार.

नंतर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, डोळ्यांदेखत ते जाताना बघवत नव्हतं. त्यानंतर गल्लीतले, पाहुण्यातले लय जण विचारायला लागले की घरात काय लावायचं, कुठला घ्यायचा, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो.

पहिली पायरी: काही विकत घ्यायच्या आधी घरातनं एक चक्कर मारा

कागद घ्या आणि खोल्या लिहून काढा. कोण कुठं झोपतं, गॅस कुठाय, देवघर कुठाय, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी कुठाय, गॅसचा गीझर आहे का, मीटर आणि फ्यूजचा बोर्ड कुठाय, इलेक्ट्रिक स्कूटर रात्री कुठं चार्जिंगला लागते. आपल्याकडं ती बहुतेक जिन्याखाली लागते आणि वरच्या माणसांना खाली उतरायची वाट तीच असते, तर शक्य असेल तर चार्जिंगची जागाच बदला, अलार्मचं नंतर बघू. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा अशा भागात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांचं वायरिंग पाण्याखाली होतं आणि अजून बदललेलं नाही त्यांनी आधी चांगल्या वायरमनला दाखवून घ्या, अलार्मच्या पैशातले थोडे तिकडं वळवले तरी चालतील.

किती अलार्म लागतील त्याचा साधा हिशोब असा, माणूस झोपतो त्या प्रत्येक खोलीत एक, झोपायच्या खोल्यांच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक. एवढं बजेट नसेल तर पॅसेजपासून सुरू करा, मग आई-बाबांची खोली, मग बाकीच्या. एकच महागडा अलार्म हॉलमध्ये लावून ठेवण्यापेक्षा साधे चार अलार्म चार ठिकाणी लावलेले केव्हापण चांगले, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी: 'डिटेक्टर' आणि 'अलार्म' यातला फरक

नवीन माणूस इथंच फसतो. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन 'स्मोक डिटेक्टर द्या' म्हटलं तर दुकानदार तुम्हाला एखादी पांढरी गोल वस्तू देईल, ती दिसायला अगदी बरोबर दिसते पण ती ऑफिस-हॉस्पिटलच्या फायर पॅनलला जोडायची असते. तिला पॅनलमधनंच करंट लागतो आणि तिच्या पोटात भोंगा नसतोच. घरी नुसती छताला चिकटवली तर आयुष्यात वाजणार नाही. आपल्याला पाहिजे तो स्मोक अलार्म, म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि भोंगा तिन्ही एकाच डब्यात असलेला. दुकानात एकच प्रश्न विचारा, 'हा एकटा वाजतो का?' आणि तिथंच टेस्टचं बटण दाबून वाजवून बघा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, बिल्डिंगची फायर सिस्टीम वेगळी आणि घरातला अलार्म वेगळा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्याखाली सोसायटीनं परवानाधारक एजन्सीकडनं दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यायचं असतंय. मीटिंगला जाल तेव्हा विचारून बघा. ते असलं तरी तुमच्या बेडरूममधला धूर पॅसेजमधल्या सिस्टीमला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: सेन्सर कुठला

धूर ओळखायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. फोटोइलेक्ट्रिकमध्ये डब्याच्या आत अंधारी जागा असते आणि तिथं प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो, धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो, की अलार्म वाजला. कवडशात धूळ चमकताना दिसते ना, तसंच. दुसरी पद्धत आयोनायझेशनची, त्यात अमेरिशियम-२४१ नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी थोडासा असतो, तो आतली हवा विद्युतभारित करतो आणि धुराचे कण आले की करंट कमी होतो. आयोनायझेशनवाला भडकून पेटलेल्या आगीला जरा लवकर पकडतो, फोटोइलेक्ट्रिक धुमसणाऱ्या आगीला लवकर पकडतो.

आपल्या घरांसाठी मी डोळे झाकून फोटोइलेक्ट्रिक सांगतो. गादी, सोफा, वायर, बोर्ड या गोष्टी आधी धुमसतात, आणि माणूस झोपलेला असतो तेव्हा हाच प्रकार सगळ्यात वाईट. झोपेत वासानं जाग येईलच अशी खात्री नाही आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला आणखी गाढ झोपवतो. शिवाय आयोनायझेशनवाला स्वयंपाकाच्या बारीक कणांना जास्त चिडतो, आणि आपल्याकडं कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या की गल्लीतली माणसं खोकायला लागतात, तिथं त्याचा काय टिकाव लागणार. तो जुना झाला तर भंगारवाल्याला पण देऊन चालत नाही. दोन्ही सेन्सर एकत्र असलेले येतात, ते चालतील, पण नुसता आयोनायझेशनवाला नको.

मग स्वयंपाकघराचं काय? तिथं स्मोक अलार्म लावूच नका. तिथं हीट अलार्म लावा, तो धूर बघत नाही, उष्णता बघतो. छताजवळचं तापमान साधारण ५७-५८ अंशाच्या पुढं गेलं की वाजतो, काही मॉडेल तापमान झपाट्यानं चढायला लागलं तरी वाजतात. भाकरी करपू दे, रस्सा उतू जाऊ दे, मिरचीचा ठसका उडू दे, तो गप्प राहणार, आणि कढईतलं तेल पेटलं तर मात्र बोलणार. त्यामुळं आईला बॅटरी काढायची वेळच येत नाही. माझ्या घरात आता हेच आहे आणि घरचे खूश आहेत.

चौथी पायरी: गॅस आणि बाथरूम, इथं जरा थांबून वाचा

स्मोक अलार्मला गॅसची गळती कळत नाही. हे मी परत परत सांगतो कारण लय लोकांना वाटतं की एक डबी लावली की सगळं झालं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली फरशीवर पसरतो, त्यामुळं त्याचा डिटेक्टर फरशीपासून साधारण एक फुटाच्या आत लावायचा. बरेच जण ओट्याच्या वरच्या सॉकेटला लावतात कारण तिथं प्लग रिकामा असतो, म्हणजे गॅस खाली आणि डिटेक्टर वर, तो वाजेपर्यंत खोली भरलेली असणार. ज्यांच्याकडं पाइपचा गॅस आहे त्यांचं उलटं, तो हवेपेक्षा हलका, त्याचा डिटेक्टर छताच्या जवळ. घ्यायच्या आधी खोक्यावर कुठल्या गॅससाठी आहे ते वाचा. हे डिटेक्टर बहुतेक लाइटवरच चालतात, लाइट गेली की बंद, म्हणून इन्व्हर्टरवरचा प्लग द्या.

आता बाथरूम. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तिथं कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस आंघोळ करता करता चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं वेळ लागतोय. यात धूर नसतोच, त्यामुळं स्मोक अलार्म इथं काही कामाचा नाही. खरा उपाय म्हणजे गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत काढणं, आणि त्यातनं निघणारा जळका वायू बाहेर जाईल असं बघणं. ज्यांच्याकडं अजून पाण्याचा बंब पेटवतात आणि तो आत आहे, त्यांनापण हेच लागू. वरनं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा, त्याला ईएन ५०२९१ हे स्टँडर्ड असतं. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारे एकत्र अलार्मपण मिळतात, त्यांच्यात धुरासाठी साधारण तीन-तीन आवाजांची माळ आणि या गॅससाठी चार-चार आवाजांची माळ असते, घरातल्यांना दोन्ही ऐकवून ठेवा.

पाचवी पायरी: 'स्मार्ट' म्हणजे नेमकं काय आणि तुम्हाला पाहिजे का

स्मार्ट अलार्म म्हणजे साधा अलार्म अधिक फोनवर येणारा निरोप. बास. आधी तो चांगला अलार्म पाहिजे, मग स्मार्ट. ज्याच्यात फोनवर मेसेज येतो पण डबीचा आवाज मोबाइलच्या रिंगएवढा आहे असला घेऊ नका. चांगला अलार्म तीन मीटरवर ८५ डेसिबलचा आवाज देतो, कानाला नको होतं इतका, आणि तसाच पाहिजे.

स्मार्टचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, घराला कुलूप असताना. दुसरं, जे आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला आणि आई-वडील इथं दोघंच. तिथं हा निरोप लाखमोलाचा. एरवी सगळी माणसं रोज घरातच झोपत असतील तर साधे पण एकमेकांना जोडलेले अलार्म घ्या, पैसे वाचतील.

जोडलेले म्हणजे काय ते समजून घ्या, कारण माझ्या मते ॲपपेक्षा हे महत्त्वाचं. खालच्या मजल्यावर धूर झाला की वरच्या बेडरूममधलापण अलार्म वाजला पाहिजे. दार लावून, फॅन फुल करून झोपलेल्या माणसाला खालचा भोंगा ऐकू येईलच असं नाही. काही अलार्म आपसात रेडिओनं बोलतात, त्यांना इंटरनेट लागत नाही, काहींना मधे हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारी एक वेगळी डबी लागते, काही फक्त वाय-फायवर. विचारायचा प्रश्न हा, 'इंटरनेट बंद असलं तरी एक वाजल्यावर बाकीचे वाजतात का?' उत्तर हो असेल तरच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी खोक्यावर लिहिलेली नसते. आग शॉर्टसर्किटची असेल तर एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडतो, एमसीबी पडला की राउटर बंद, राउटर बंद की वाय-फाय गेलं, आणि नेमक्या त्याच क्षणाला तुमचा स्मार्ट अलार्म पुण्यातल्या पोराला काहीच सांगू शकत नाही. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा, राउटरच्याच डीसी पिनचा मिळतोय, आणि हब असेल तर तोपण त्याच्यावर घ्या. आपल्याकडं वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते काय सांगायला नको.

वाय-फायवाले अलार्म बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राउटरवर ते चालू आहे का बघा, आणि पॅसेजच्या छतापाशी सिग्नल येतोय का ते फोन वर धरून बघा, जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी भिंतीत सिग्नल मरतो. वाय-फाय बॅटरीपण जास्त खातं. झिगबी नावाच्या कमी करंटच्या वायरलेसवर चालणारे कमी खातात पण हब लागतो. 'मॅटर' नावाचं जे सगळ्या कंपन्यांचं सामाईक स्टँडर्ड आहे त्यात ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीपासून स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म आले, तसा शिक्का असेल तर एका कंपनीच्या ॲपवर अडकून राहायला लागत नाही. ही भीती उगाच नाही, २०१३ ला आलेला गूगलचा नेस्ट प्रोटेक्ट हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला अलार्म, त्याचं उत्पादन थांबवत असल्याचं गूगलनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. लावलेले चालू राहणार, पण नवीन जोडायचा म्हटलं तर पंचाईत. म्हणून ॲप उद्या बंद पडलं तरी भोंगा वाजत राहील असाच अलार्म निवडायचा.

अमेरिकेतल्या पाहुण्यांकडनं मागवणाऱ्यांसाठी एक, तिकडचे वायरवाले अलार्म १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडं २३० व्होल्ट, जोडले की जळले. आणि तिकडच्या काही रेडिओची फ्रिक्वेन्सी इकडं वापरायची परवानगी नाही. बॅटरीवर चालणारा साधा असेल तर ठीक.

सहावी पायरी: खोक्यावर काय वाचायचं

ईएन १४६०४ हे युरोपचं स्टँडर्ड किंवा यूएल २१७ हे अमेरिकेचं, यातला एक आकडा खोक्यावर आणि अलार्मच्या पाठीमागं दोन्हीकडं छापलेला पाहिजे. नुसतं 'सीई' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, आकडा शोधा. यूएल २१७ ची आठवी आवृत्ती असेल तर अजून चांगलं, त्यात फोम धुमसल्याचा धूर आणि स्वयंपाकाचा धूर यातला फरक कळतो का याची चाचणी घेतलेली असते, म्हणजे आपल्या फोडणीच्या घरांना ती बरी. मग तयार केल्याची तारीख बघा, कारण स्मोक अलार्मचं आयुष्य साधारण दहा वर्षं आणि ते त्या तारखेपासून मोजायचं. दोन-तीन वर्षं गोडाऊनला पडलेला माल सेलमध्ये स्वस्त मिळतो, तुमची तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात.

बॅटरी दोन प्रकारची, दहा वर्षं टिकणारी आतच बंद केलेली लिथियमची, नाहीतर बदलायची. आई-वडिलांच्या घरी बंद बॅटरीवाला साधा अलार्म घ्या, स्टुलावर चढायचं काम नको. वाय-फायवाला असेल तर बऱ्याचदा बॅटरी बदलायला लागते, तेव्हा ती कुठल्या साइजची आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते का हे आधी बघा. गप्प करायचं बटण मोठं पाहिजे, छत्रीच्या टोकानं दाबता येईल इतकं.

वयस्कर माणसांसाठी अजून एक गोष्ट. वय वाढलं की आधी बारीक, चिरका आवाज ऐकू यायचा कमी होतो, आणि बहुतेक अलार्म नेमके तसेच चिरके असतात. आमच्या बाबांना झोपेत तो आवाज ऐकू येत नव्हता, मी दुपारी मुद्दाम वाजवून बघितलं तेव्हा कळलं. काही कंपन्यांचे जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाचे अलार्म किंवा उशीखाली ठेवायचे थरथरणारे पॅड येतात. नाही मिळाले तर निदान त्यांच्या उशाशी छताला एक अलार्म लावा. घरातल्या प्रत्येकाला झोपलेलं असताना एकदा वाजवून बघा, लहान पोरंपण कधी कधी उठत नाहीत, त्यांना कोण उचलणार ते ठरवून ठेवा.

सातवी पायरी: लावायची जागा

धूर वर चढतो म्हणून छताला. खोलीच्या मधे लावा असं माहितीपत्रकात असतं पण आपल्या खोलीच्या मधे फॅन असतो, आणि फॅनचा वारा धूर अलार्मपर्यंत जाऊच देत नाही. पात्याच्या टोकापासून तीन फूट तरी लांब ठेवा, फॅन आणि दार यांच्या मधली जागा मला बरी वाटते. छत आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात धूर पोचत नाही, तिथनं निदान चार इंच सोडा. भिंतीलाच लावायचा असेल तर छतापासून चार ते बारा इंच खाली. शेगडीपासून दहा फूट, बाथरूमच्या दारापासून तीन फूट लांब, आंघोळीची वाफ त्याला धुरासारखीच वाटते.

कौलारू घर असेल तर आढ्याच्या अगदी टोकाला लावू नका, तिथं हवा अडकून राहते, चार इंच खाली उतरून, पण आढ्यापासून तीन फुटांच्या आत. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो, धूर त्याच्या खालीच अडतो, आणि तिथलं तापमान अलार्मच्या मर्यादेच्याही वर जाऊ शकतं, तेव्हा तिथं भिंतीवर, जरा खाली लावा.

देवघराच्या वर नको. समई, कापूर, उदबत्ती, गौरी-गणपतीत धूप, सगळ्याला तो वाजणार. घरात बाळ-बाळंतीण असेल आणि शेक-शेगडी, ओव्या-वावडिंगाची धुरी चालू असेल तर त्या खोलीतला अलार्म तेवढ्या वेळापुरता गप्प करायचं बटण दाबा, ते काही मिनिटांसाठीच असतं आणि आपोआप परत चालू होतं. टोपी घालून झाकायचा नाही, काढून ठेवायचा तर अजिबात नाही, तो परत लागत नाही हा अनुभव आहे. डासांची कॉइल बरोबर खाली लावू नका. थंडीत उसाचं पाचट जाळतात तेव्हा शहराच्या कडेच्या घरात धूर येतो, खिडकी लावून घ्या.

चिकटपट्टीनं लावू नका, पावसाळ्याच्या दमट हवेत ती सुटते. ड्रिल मारून, गिट्टी घालून, दोन स्क्रूवर बसवा. पीओपीच्या सिलिंगवर असेल तर पीओपीच्या कारागिराला विचारून त्याची वेगळी गिट्टी वापरा. रंगकाम काढाल तेव्हा अलार्म उतरवून पिशवीत ठेवा, आणि रंग वाळला की त्याच दिवशी परत लावा.

आठवी पायरी: फोनवरची सेटिंग

ॲप टाकलं की झालं असं नाही. फोनमध्ये त्या ॲपला बॅटरी वाचवायच्या यादीतनं बाहेर काढा, नाहीतर बरेच अँड्रॉइड फोन ते रात्री मागं बंद करून टाकतात आणि निरोप सकाळी येतो. 'डू नॉट डिस्टर्ब' असलं तरी वाजेल अशी परवानगी द्या. घरातल्या निदान तिघांच्या फोनवर ॲप पाहिजे, त्यात एक शेजारी असला तर उत्तम, ज्याच्याकडं तुमच्या घराची किल्ली आहे असा. मग राउटर बंद करून अलार्मचं बटण दाबा, काय होतंय ते स्वतः बघा.

आणि बाहेरगावी असणाऱ्यांनी हे आजच करा. पुण्यातनं १०१ लावला तर तो पुण्याच्या अग्निशमनला लागणार, कोल्हापूरला नाही. कोल्हापूरच्या अग्निशमन केंद्राचा ०२३१ नं सुरू होणारा लँडलाइन नंबर शोधून सेव्ह करा, एकदा लावून तो चालू आहे ना एवढं विचारून घ्या. घराचा पत्ता खुणेसकट लिहून ठेवा, कुठल्या तालमीजवळ, कुठल्या गल्लीत, मोठी गाडी कुठपर्यंत येते ते. पेठांमधल्या बोळात बंब आत शिरत नाही, हे फोनवरच सांगितलं तर त्यांचा वेळ वाचतो.

नववी पायरी: निगा

महिन्याला एकदा बटण दाबा, मी प्रत्येक पौर्णिमेला दाबतो म्हणजे विसरत नाही. सहा महिन्यांनी मऊ ब्रशनं नाहीतर व्हॅक्यूमनं बाहेरनं धूळ काढा, आपल्याकडं कोळी आणि बारीक किडे आत जाऊन बसतात आणि मग मध्यरात्री उगाच वाजतो. पाणी, फिनेल, स्प्रे काही मारू नका. दर मिनिटाला एक 'टिक' असा आवाज यायला लागला तर बॅटरी संपत आलीय, त्याच दिवशी बदला. पाठीमागं मार्करनं लावल्याची तारीख लिहा.

दहावी पायरी: वाजला तर

खोटा असेल असं समजून पडून राहू नका. उठा, बाकीच्यांना उठवा, दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं दार गरम आहे का बघा. धूर असेल तर वाकून, रांगत चला, खाली हवा बरी असते. मागनं दार ओढून घ्या, दार बंद असलं की आग आणि धूर दोन्ही लय हळू पसरतात. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२. सोनं, कागद, मोबाइल काहीपण आणायला परत आत जायचं नाही. गॅसचा डिटेक्टर वाजला असेल तर लाइटचं कुठलंच बटण चालूपण करू नका आणि बंदपण करू नका, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन, ती गॅस गळतीची तक्रार घ्यायची हेल्पलाइन आहे.

आणि आपल्या घरांच्या खिडक्यांना लोखंडी ग्रील असतात, चोराच्या भीतीनं बाल्कनीपण पॅक केलेली असते. एका तरी ग्रीलला उघडणारी झडप करून घ्या, वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो, आणि तिची किल्ली त्याच खोलीत, खिडकीपासून हाताच्या अंतरावर, अंधारात चाचपून सापडेल अशा खिळ्याला अडकवा. रात्री सगळे दिवे बंद करून घरातल्या प्रत्येकाला एकदा ती काढून कुलूप उघडायला लावा, आमच्या आईला पहिल्यांदा चार मिनिटं लागली, आता अर्ध्या मिनिटात उघडते.